स्लोव्हाक येत असेल तर क्रोएशियन आपोआप कळेल?
दोन्ही स्लाव्हिक कुळातल्या भाषा, म्हणून एक येणाऱ्याला दुसरी फुकटात मिळते, हे म्हणणं वाचण्यापुरतं बऱ्यापैकी पटतं. पाट्या, मेनूकार्ड वगैरे निभावतं. ऐकताना मात्र दांडी उडते. स्लोव्हाक पश्चिम शाखेतली, झेक-पोलिशच्या भावकीतली, क्रोएशियन दक्षिणेची. मध्ये हजारेक वर्षं हंगेरियन भाषा ठाण मांडून बसली आहे.

काही खुणा कळल्या की सोपं जातं. क्रोएशियनचा 'ग' स्लोव्हाकमध्ये बहुधा 'ह' होतो: डोकं ग्लावा-ह्लावा, पाय नोगा-नोहा. बोट दोन्हीकडे 'पृस्त', त्यातला 'र' अगदी आपल्या जुन्या ऋसारखा स्वराचं काम करतो. लांडगा स्लोव्हाकमध्ये 'व्ल्क', क्रोएशियनमध्ये 'वुक' (संस्कृतातला वृक आठवा!). आघात (उच्चारातला जोर) स्लोव्हाकमध्ये पहिल्या अक्षरावर ठरलेला. क्रोएशियनमध्ये जागा बदलते, शिवाय सुरांचा चढउतार. संबोधन विभक्ती क्रोएशियनमध्ये रोजच्या वापरात आहे, स्लोव्हाकमध्ये मोजक्या शब्दांपुरती उरली. महिन्यांची नावं तर पार वेगळी: जानेवारी स्लोव्हाकमध्ये 'यानुआर', क्रोएशियनमध्ये 'सियेचान्य'.

खरी गंमत पुढे आहे. कोपराला झेकमध्ये 'लोकेत', क्रोएशियनमध्ये 'लाकात', आणि स्लोव्हाकमध्ये 'लाकेत्य', म्हणजे शेजारच्या झेकला सोडून दक्षिणेच्या बाजूने! अशी 'दक्षिणी' रूपं मध्य स्लोव्हाकियातल्या बोलींत आहेत, आणि स्लोव्हाक भाषाभ्यासक ल्युदोवित श्तूरने 1843 साली प्रमाणभाषेसाठी नेमका त्याच बोलींचा आधार घेतला. स्लोव्हाकला झेकची पोटभाषा म्हणणाऱ्यांनी हे एवढं एक उदाहरण जरूर तपासावं.