मदत हवी आहे : आठवीच्या वर्गात विश्वकोश आणि विकिपीडिया कसे वापरावेत?

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. आठवीत ४१ मुले आहेत, शाळेत एक प्रोजेक्टर आहे आणि इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचे हॉटस्पॉट, तेही डोंगराआडून रेंज आली तर. येथे शिक्षक, ग्रंथपाल आणि विकिपीडियावर लिहिणारी मंडळी बरीच असल्यामुळे हा धागा काढत आहे.

गेल्या सत्रात सूर्यमालेवर प्रकल्प दिला होता. सोळा वह्यांमध्ये तीच वाक्ये त्याच क्रमाने आली. एका मुलीने तर अतिशय सुवाच्य अक्षरात मजकूर उतरवताना वाक्यांच्या शेवटी असलेले चौकटी कंसातील ३, ४ हे आकडे आणि शीर्षकाशेजारचा ‘संपादन’ हा शब्दसुद्धा इमानाने उतरवला होता. ते आकडे कशाचे, असे विचारल्यावर ती म्हणाली, “बाई, तिथं होतं म्हणून लिहिलं.” तिला रागावण्यात अर्थ नव्हता, कारण ते आकडे संदर्भांचे असतात आणि त्यांवर टिचकी मारली की ही माहिती कुठून आली ते कळते, हे मी वर्गात कधी सांगितलेच नव्हते.

म्हणून पुढच्या तासिकेला मी एकच विषय घेतला, प्लूटो, आणि तो तीन ठिकाणी शोधायला लावला. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशात, जो आता महाजालावरही आहे, प्लूटो सापडला नाही. मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडातील नोंदीनुसार तो नववा ग्रह आहे. मराठी विकिपीडियावर तो बटुग्रह आहे. वर्गात लगेच दोन तट पडले. एका गटाने विश्वकोश चुकला असे जाहीर केले, तर मागच्या बाकावरील एकाने केतकरांना प्लूटो ग्रह नाही हे आधीच कळले होते असा निष्कर्ष काढला. (त्या मुलाचे पुढे काय होणार याची मला उत्सुकता आहे.) मग फळ्यावर सनावळी मांडली. केतकरांचे खंड १९२० च्या दशकात निघाले, प्लूटोचा शोध लागला १९३० मध्ये, विश्वकोशाचे खंड १९७६ पासून येऊ लागले आणि आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवून प्लूटोला वगळले ऑगस्ट २००६ मध्ये. म्हणजे तिन्ही कोश आपापल्या काळी बरोबरच होते. नोंद वाचण्याआधी ती कधी लिहिली गेली हे पाहावे, ही गोष्ट त्या पस्तीस मिनिटांत मुलांना जितकी समजली तितकी माझ्या वर्षभराच्या सूचनांनी समजली नव्हती.

अडचण त्यानंतरची आहे. हा प्रयोग जमला, कारण विषय मी निवडला होता आणि उत्तर मला ठाऊक होते. मुले स्वतः विषय निवडतात तेव्हा पुन्हा उतरवणे सुरू होते. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव आणि संदर्भग्रंथ असतात, परंतु तेथील भाषा आठवीच्या मुलांना जड जाते. विकिपीडियाची भाषा त्यामानाने सोपी असली, तरी कित्येक मराठी लेखांत संदर्भ अगदी तुटपुंजे असतात. आमचे मुख्याध्यापक म्हणतात की जे कोणीही बदलू शकते ते वर्गात आणूच नये. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही, कारण विकिपीडियावर निदान ‘इतिहास’ उघडून कोणता बदल केव्हा झाला ते पाहता येते आणि छापील पुस्तकात ती सोय नसते; तरीही त्यांची शंका निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

मला मुख्यतः गुणदानाविषयी मार्गदर्शन हवे आहे. दोन कोशांतील नोंदींची तुलना, त्यांत आढळलेली एक विसंगती आणि ती का आली असावी याविषयी स्वतःच्या शब्दांत दहा ओळी, असे प्रकल्पाचे स्वरूप ठेवावे असा माझा विचार आहे. परंतु ज्या विषयात विसंगती सापडतच नाही तेथे मुलांनी काय लिहावे? आणि ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याला या पद्धतीत कमी गुण पडणार नाहीत, याची काळजी कशी घ्यावी? कोणी असा प्रकल्प प्रत्यक्ष राबवला असेल, तर गुणांची विभागणी कशी केली होती ते कृपया सांगावे.

दुसरे, किविक्स हे सॉफ्टवेअर वापरून मराठी विकिपीडिया इंटरनेटविना वाचता येतो, हे मला माहीत आहे. शाळेच्या एका जुन्या संगणकावर तो ठेवून तेथूनच वायफायने पाच-सहा टॅबवर दाखवण्याचा कोणाला अनुभव आहे का? चित्रांशिवायची आवृत्ती घेतली तर भूगोलाला तिचा कितपत उपयोग होतो?

शेवटचा प्रश्न मुलांनीच काढला आहे. आमच्या गावाच्या विकिपीडियावरील लेखात ‘हवामान’, ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’ अशी शीर्षके आहेत आणि त्यांखाली काहीही नाही. ते आपण भरू, असे मुले म्हणतात. त्यांच्याकडे माहिती भरपूर आहे, पण ती आजोबांनी सांगितलेली, आणि विकिपीडियाला तर प्रसिद्ध झालेला संदर्भ हवा असतो. जिल्हा गॅझेटियर आणि जनगणनेची पुस्तिका यांपलीकडे लहान गावासाठी कोणते संदर्भ ग्राह्य धरले जातात? शिवाय एका इंटरनेट जोडणीवरून एका दिवसात सहाच खाती उघडता येतात असे वाचले, तेव्हा ४१ मुलांसाठी काय करावे? की सर्वांचे लेखन आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरील सरावाच्या पानावर, करून, तपासून, एकाच खात्यातून मूळ लेखात घालणे योग्य ठरेल? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची खरी नावे कुठेही दिसू नयेत, हा माझा आग्रह आहे.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी या कामासाठी मला तीन तासिका मिळणार आहेत, त्यामुळे त्यांत बसेल असेच सुचवावे, ही विनंती.