पाणी स्वच्छ, टेस्ट ठीक, तरी मासे एकेक करून मरताहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मासे पाळण्यात मी अगदीच नवखा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. साठ लिटरची टाकी आहे, लावून महिना व्हायचाय. स्पंजवाला फिल्टर, हीटर (पाणी २६ अंशांवर), तळाला खडी, झाडं सगळी प्लॅस्टिकची. त्यात गप्पी, निऑन टेट्रा आणि एक गोरामी. नळाचं पाणी क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच भरतो. दर आठवड्याला थोडं पाणी बदलतो आणि तेव्हाच फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुऊन घेतो.

सुरुवातीला सगळं छान चाललं होतं. मग निऑन मरायला लागले, त्यांच्यामागून गप्पी. सगळे एकदम नाही, एखाद-दुसरा, आणि बहुतेक वेळा सकाळी दिवा लावला की कळतं. मेलेल्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके नाहीत, बुरशी नाही, पोट फुगलेलं नाही, शेपूट कुरतडलेली नाही.

मरायच्या आधीची लक्षणं दोघांची वेगळी. निऑन थव्यातून सुटा पडतो आणि पर अंगाला चिकटवून खडीजवळ नुसता थांबून राहतो. गप्पी वर जातात. फिल्टरचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात तोंड पाण्याच्या पातळीला लावून उभ्या, आणि कल्ल्यांची झाकणं नुसती फडफडत असतात. एक गप्पी मधूनच सुसाट जाऊन खडीवर अंग घासते. खाणं टाकलं की मात्र सगळे धावत येतात. शेवटच्या मेलेल्या गप्पीचं झाकण उचलून पाहिलं, तर आतले कल्ले लाल नव्हते, चॉकलेटी दिसत होते.

गोरामी ढिम्म आहे! खातो, फिरतो, रंगही छान. पाणी वाईट असेल तर त्याला काहीच कसं होत नाही? रात्री तोच मारत असेल का, असाही संशय येतो. पण त्याला कुणाच्या मागे लागताना कधी पाहिलेलं नाही.

टेस्ट स्ट्रिपवर पीएच ८, क्लोरीन शून्य, नायट्रेट जवळजवळ शून्य, नायट्राइटचा चौकोन अगदी फिकट गुलाबी. मासे आणले तिथे दाखवलं तर म्हणाले, पाणी उत्तम आहे, मासेच नाजूक असतील, औषध टाका. औषध अजून टाकलेलं नाही, कारण रोग कुठला तेच कळत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

औषध टाकलं नाहीत ते फार बरं केलंत. काही अँटिबायोटिक्स फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मारतात, आणि तुमच्याकडे मुळात तेच अजून नीट तयार झालेले दिसत नाहीत.

तुमची स्ट्रिप नीट वाचू या. त्यात अमोनियाचा चौकोनच नाही, बहुतेक स्ट्रिप्समध्ये नसतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून सतत अमोनिया तयार होत असतो. जीवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नवीन टाकीत हे बस्तान बसायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. त्यामुळे नायट्रेट शून्य म्हणून खूश होऊ नका. खरी झाडं नाहीत, इतके मासे आहेत, तरी नायट्रेट नाही, याचा अर्थ साखळी शेवटपर्यंत पोचलेलीच नाही. हे जीवाणू मुख्यतः स्पंजमध्येच राहतात. नळाखाली स्पंज धुतला की क्लोरीनने त्यातले बरेच मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलकेच पिळायचा, तोही प्रवाह मंदावला तरच.

फिकट गुलाबी नायट्राइटही ठीक नाही, ते शून्यच हवं. नायट्राइट रक्तात गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही आणि कल्ले तपकिरी पडतात. तुम्ही पाहिलंत तेच. त्यात पीएच ८. पीएच ७ पेक्षा ८ ला विषारी रूपातला अमोनिया साधारण दहापट असतो.

गोरामी बिचारा निर्दोष आहे. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. कल्ले निकामी होत आले तरी त्याचं काही काळ भागतं. म्हणून तो टिकलाय, पाणी चांगलं आहे म्हणून नाही.

अमोनियाची थेंबांची टेस्ट आणा. तोवर रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, क्लोरीन काढून आणि टाकीइतकंच कोमट करून. खाणं दिवसाआड, चिमूटभर. नवीन मासा अजिबात नको.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण सकाळीच मेलेले सापडतात म्हणून एक विचारतो. त्या खोलीत रात्री डास पळवणारं लिक्विड किंवा कॉइल लावता का? त्यातली पायरेथ्रॉइड्स माशांना अतिशय विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. त्या खोलीत डासांचं काही लावत नाही, एअर पंपही नाही. थेंबांची टेस्ट केली. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी चांगलंच हिरवं झालं. कालपासून पाणी बदलतोय, फिल्टरचं तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवलाय. गप्पी कोपऱ्यातून हलल्यात, पण कल्ले अजून भराभर चालतात. नायट्राइटवर मीठ टाकतात असं वाचलं, टाकू का? आणि ओळखीच्यांची जुनी टाकी आहे, त्यांच्या फिल्टरचा स्पंज मागू का?

प्रतिसाद १

स्पंज आजच मागा. त्यांचे मासे निरोगी असतील तर याहून चांगलं काही नाही. आणताना त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा, वाळला तर उपयोग नाही. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, हे खरं आहे. पण ते अमोनियावर काहीच करत नाही आणि तुमचा अमोनिया जास्त आहे. आधी पाणी बदलून तो खाली आणा. नायट्राइट त्यानंतरही वर राहिलं तर आकडा इथे टाका, मग मिठाचं प्रमाण ठरवू.