आयरिश पाइपची जुनी ध्वनिमुद्रणं: खरखरीत ऐकायचं काय?

हरिपूरचा_सनईवाला: पॅट्सी टूहीचं शंभरेक वर्षांपूर्वीचं इलियन पाइपवादन (आयर्लंडचं बॅगपाइपसारखं पिशवीचं वाद्य) ऐकलं. निम्मी खरखर, उरलेल्यात स्वर इतके भराभर की हाती काही लागत नाही. जाणकार मात्र त्याच्यावर जीव टाकतात. मी सनई शिकतोय, तरी कळेना. सुरुवात कुठून करू?

जवारी_मिरज: अरे, तू थेट अवघडातच हात घातलास. टूही गॉलवेकडचा, लहानपणीच अमेरिकेत गेलेला, रंगमंचावर वाजवून पोट भरणारा. 1901 च्या सुमारास तो स्वतःच वाजवून ते मेणाच्या नळ्यांवर ध्वनिमुद्रित करायचा आणि त्या टपालानं विकायचा. नळीत दोन-तीन मिनिटं मावायची, आणि नळी लावून ऐकली की दर वेळी मेण झिजायचं. खरखर त्याची.

आधी जॉनी डोरन ऐक. 1947 मध्ये डब्लिनला लोककथा आयोगानं तबकड्यांवर घेतलेला. फिरस्त्या कुटुंबातला माणूस, जत्रांत वाजवणारा. वादन कसं मोकळं, वाहतं! पुढच्याच वर्षी त्याच्या गाडीवर भिंत कोसळली, 1950 ला गेला. त्या तबकड्या झाल्या नसत्या तर आज आपल्याला काय कळलं असतं?

आता कान कुठं लावायचा ते सांगतो. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या काखेत पिशवी, म्हणजे तुझ्यासारखा दमसास लागत नाही. एकच स्वर तीन सप्तकांत धरणाऱ्या तीन नळ्या असतात, आधी त्यांच्यावर कान ठेव. तुमच्यात सूर धरणारा वेगळा माणूस बसतो, इथं तोही यांच्याच मांडीवर. मग मुख्य नळी. तिचं टोक मांडीवर दाबून सगळी भोकं झाकली की आवाज बंद. टूही याच्याच जोरावर स्वर सुटे सुटे फेकतो, फुटाणे उडाल्यासारखे. डोरनमध्ये बाजूच्या नळ्यांवरच्या, मनगटाच्या कडेनं दाबलेल्या चाव्यांचे जोडस्वरही ऐकू येतील.

कंदीपेढा_सातारा: काकांचं बरोबर, पण मी शेमस एनिस या दुसऱ्या पाइपवादकापासून सुरुवात करायला सांगेन. ध्वनिमुद्रण स्वच्छ, घाई नाही. आणि खरखर ‘साफ’ केलेली प्रत नको, तिच्यात वरचे स्वरही पुसले जातात.

जवारी_मिरज: एनिस उत्तमच, पण जत्रेचा माणूस तो नव्हे. सनईवाल्याला डोरनच जवळचा वाटेल. आणि टूहीची पट्टी शोधत बसू नकोस. ऐकताना मेणाची नळी फिरवायचा वेग जरा बदलला की पट्टीही बदलते.

हरिपूरचा_सनईवाला: डोरन लावलाय काका. त्या चाव्या तालावर पडतात की मधेच?

जवारी_मिरज: दोन्हीकडे. पायानं ठेका धर, म्हणजे कळेल.