बाहुली एकदाच घेतली, तिचे सामान मात्र संपत नाही

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

आम्ही विश्रामबागेत राहतो. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा पावणेदोन वर्षांचा. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला तिच्या आत्याने तिला एक बाहुली दिली. खोक्याच्या मागच्या बाजूस त्याच सेटमधील दुमजली घर, मोटार, घोडा, कपाट आणि कुत्र्याचे पिल्लू यांची रंगीत चित्रे छापलेली होती. ते खोके मी त्याच दिवशी रद्दीत द्यायला हवे होते, पण चांगले मजबूत आहे म्हणून मी ते जपून ठेवले. मुलीला अजून जोडाक्षरे नीट वाचता येत नाहीत, परंतु त्या खोक्यावरची प्रत्येक वस्तू तिला तोंडपाठ आहे.

गेल्या सहा महिन्यांत कपड्यांचे तीन जोड, एक कपाट आणि एक स्कूटर आमच्या घरी आली. स्कूटर आणली त्या रात्री मुलगी ती उशाशी घेऊन झोपली आणि चौथ्या दिवशी ती मला सोफ्याखाली सापडली. आता दुमजली घराचा हट्ट सुरू झाला आहे, आणि त्या घराची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याच्या जवळपास जाते.

खरी अडचण पुढेच आहे. माझे सासरे संध्याकाळी नातीला घेऊन गणपती पेठेत फेरी मारतात आणि मी सकाळी ज्याला नाही म्हटले असेल ते संध्याकाळी पिशवीतून घरात येते. त्यांना कठोर शब्दांत सांगणे मला जमत नाही, कारण लहानपणी तासगावच्या रथोत्सवात पाहिलेली पत्र्याची मोटार आपल्याला मिळाली नाही, हे ते सत्तरीतही सांगतात. कोणती मागणी पुरवावी, कोणती टाळावी आणि आबांना हे कसे सांगावे, याविषयी अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे.

मोती चौक (सातारा)

ताई, माझ्या दोन्ही नाती याच वाटेने गेल्या आहेत, म्हणून लिहिते. मी आयुष्यभर शिवणकाम केले असल्यामुळे पहिल्यांदा बाहुलीचे माप घेतले. या प्रकारची बाहुली बहुधा साडेअकरा इंचांची, म्हणजे सुमारे २९ सेंटिमीटरची असते आणि तिचे सामान माणसाच्या सामानाच्या साधारण एकषष्ठांश मापाचे असते. एवढे एक गणित कळले की निम्मे सामान घरातच सापडते. सहा फुटांचा पलंग तिच्यासाठी एक फुटाचा होतो, म्हणून मोठ्या माणसाच्या बुटांचे खोके तिला पलंग म्हणून नेमके पुरते. अडीच फूट उंचीचे टेबल तिच्यासाठी पाच इंचांचे होते आणि तेवढ्या उंचीचे डबे कोणत्याही स्वयंपाकघरात असतात.

कपड्यांविषयी एक गोष्ट शिवल्याशिवाय कळत नाही, ती सांगून ठेवते. या बाहुलीची बोटे ताठ असतात आणि बाहीत अडकतात. त्यामुळे झबल्यासारखा गळ्यातून घालायचा कपडा शिवू नये. पाठीवर वरपासून खालपर्यंत उघडा ठेवून त्याला दोन टिचबटणे लावावीत, म्हणजे मुलीला तो स्वतःच्या हाताने घालता येतो. खणाच्या उरलेल्या तुकड्याचा परकर शिवला, तेव्हा धाकट्या नातीने दुकानातला झगा काढून ठेवला, तो पुन्हा घातला नाही.

जाता जाता एक सांगते. आमच्या वेळी असली हाव नव्हती, असे म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. भातुकली म्हणजे तरी दुसरे काय होते? चूल, जाते, पाटा-वरवंटा, बंब, घंगाळ, नुसते सामानच सामान, आणि मैत्रिणीकडे पितळी बंब आहे म्हणून मी दोन दिवस जेवले नव्हते. फरक एवढाच की भातुकलीचे सामान आईच्या स्वयंपाकघरावरून ठरत असे आणि आईच्या स्वयंपाकघरात जे नाही ते आम्हाला मागता येत नसे.

राजपथ (सातारा)

माझे खेळण्यांचे छोटे दुकान आहे, त्यामुळे गल्ल्यामागे बसून जे दिसते ते लिहितो. सोबतचे सामान वेगळे विकण्याची पद्धत आजची नाही. बार्बी ही बाहुली ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात प्रथम दाखवण्यात आली, तेव्हापासूनच तिचे कपडे स्वतंत्र विकले जात आहेत. एका मुलीला बाहुली एकदा विकता येते, कपडे मात्र दर महिन्याला विकता येतात, हा त्यामागचा सरळ हिशेब आहे. म्हणून खोक्याची मागची बाजू ही जाहिरात समजावी. त्या चित्रांखाली बारीक अक्षरांत ‘वस्तू स्वतंत्र विकल्या जातात’ असे छापलेले असते आणि ते वाचायचे काम मोठ्यांचे आहे. पुष्कळ पालक घरी जाऊन खोके उघडतात आणि घोडा कुठे आहे, म्हणून माझ्याकडे परत येतात.

परदेशी सेट इतके महाग का, असेही विचारले जाते. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, हे त्याचे एक मोठे कारण आहे. स्वस्त पर्याय घेताना मात्र जपावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे आणि जत्रेतल्या सुट्या सामानावर ते क्वचितच दिसते.

तुमच्या घरात पावणेदोन वर्षांचे मूल आहे, हे वाचून मला बाहुलीच्या हट्टापेक्षा त्याची जास्त काळजी वाटली. बाहुलीचे बूट, पर्स, कंगवा या वस्तू त्याच्या घशात अडकू शकतात. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात आणि तिच्यात संपूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात चालत नाही. स्कूटरला दिवा किंवा आवाज असेल तर तिच्यात बटणासारखे चपटे सेल असण्याची शक्यता आहे. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकते. सेलचे झाकण स्क्रूने बंद आहे की नुसते दाबून बसवलेले आहे, ते आजच पाहावे. कधी गिळल्याचा नुसता संशय जरी आला तरी घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

बालवाडीताई (मिरज)

मोती चौक यांचे माप मी माझ्या बालवाडीसाठी उतरवून घेतले आहे, तरी त्यांच्याशी माझा थोडा मतभेद आहे. प्रत्येक मागणीला खोक्याचा पलंग हे उत्तर दिले, तर काही मुलांना ते उत्तर म्हणजे गोड बोलून दिलेला नकार वाटतो, आणि मैत्रिणी घरी आल्या की ती तो पलंग लपवून ठेवतात. हे मी पाहिले आहे. वर्षातून एखादी वस्तू दुकानातून आणल्याने मूल बिघडत नाही.

माझ्या अनुभवात मुलांच्या मागण्या दोन प्रकारच्या असतात. एक मागणी खेळता खेळता निर्माण होते आणि दुसरी खोक्यावरच्या चित्रातून. दोन्ही मागण्यांचा सूर आणि रडणे सारखेच असते, त्यामुळे आपण फसतो. ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारते: ती वस्तू आली की खेळात पुढे काय होणार? मागणी खेळातली असेल तर मूल लगेच गोष्ट सांगू लागते, आणि त्या गोष्टीला दुकानातलीच वस्तू लागते असे नाही, हे ऐकता ऐकता आपल्यालाही कळते. मूल गोष्ट न सांगता पुन्हा पुन्हा चित्राकडेच बोट दाखवत असेल, तर त्या वस्तूचे चित्र त्याला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पंधरा दिवस पुढच्या चौकोनात काढू द्यावे आणि त्या दिवशी पुन्हा विचारावे. पुष्कळदा तोवर मागणी बदललेली असते. बदललेली नसेल, तर ती वस्तू विकत घेण्याचा खरोखर विचार करावा; चौकोन आल्यावर टाळाटाळ केली तर दिनदर्शिका पुन्हा चालणार नाही.

पैसे असताना ‘पैसे नाहीत’ असे मात्र सांगू नये. दाराशी रोज पार्सल येताना मुले पाहत असतात. ‘यासाठी आपण पैसे ठेवलेले नाहीत’ हे वाक्य साडेपाच वर्षांच्या मुलीला समजते.

आता आबा. त्यांना गणपती पेठेत जाण्यापासून अडवू नका, कारण त्यांना वस्तू द्यायची नसून नातीचा त्या क्षणीचा चेहरा पाहायचा असतो. हाताने करण्यासारखे एखादे काम त्यांच्याकडे सोपवा. नातीच्या खाऊसाठी ते महिन्याला जी रक्कम खर्च करतात ती मातीच्या गल्ल्यात नातीच्याच हाताने टाकायची, असेही ठरवता येईल. फक्त हे बोलणे तुमच्याऐवजी तुमच्या यजमानांनी करावे, आणि मुलीसमोर करू नये.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे आभार. अठरा दिवसांनी लिहीत आहे.

राजपथ यांचा सल्ला वाचून त्याच रात्री स्कूटर उघडली. तिच्यात तीन चपटे सेल होते आणि झाकण नखाने निघत होते. सेल काढून ठेवले. दिवा लागत नाही, हे मुलीने अद्याप विचारलेले नाही. बाहुलीचा एक बूट मात्र सापडला नाही, म्हणून मी दोन दिवस धास्तावले होते. शेवटी तो आबांच्या चष्म्याच्या घरात निघाला.

घराविषयी तो प्रश्न विचारला, तेव्हा मुलगी म्हणाली की बाहुली लिफ्टने वर जाणार आणि खाली येणार. चित्रातल्या घरात एक गुलाबी लिफ्ट आहे, तेवढीच तिला हवी होती. घराच्या बाकीच्या खोल्यांत काय होणार, हे तिला सांगता आले नाही. यजमानांनी आबांशी बोलून हे काम त्यांच्यावर सोपवले. त्यांनी बुटांच्या खोक्याला चार कोपऱ्यांत भोके पाडली, पडद्याची दोरी ओवली आणि ती जेवणाच्या खुर्चीच्या पाठीवरून खाली सोडली. लिफ्ट दोन वेळा कोसळल्यावर त्यांनी दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून जुने कुलूप बांधले, आणि आता आम्हाला जेवताना एक खुर्ची कमी पडते.

परवा लिफ्टला वॉचमन हवा, अशी नवी मागणी आली. आबांनी माळ्यावरून दिवाळीच्या किल्ल्याची पेटी उतरवली आणि भाला घेतलेला एक मावळा लिफ्टच्या दाराशी उभा केला. एकषष्ठांशाचे गणित तिथे बिघडले आहे, कारण वॉचमन बाहुलीच्या गुडघ्यापर्यंतच येतो, परंतु त्याबद्दल अद्याप तक्रार नाही. धाकट्याच्या हाती लागू नये म्हणून रात्री त्याची रवानगी कपाटावर होते.

घराचे चित्र दिनदर्शिकेत येत्या रविवारच्या चौकोनात काढलेले आहे, तेव्हा काय होते ते पाहू. मोती चौक आजी, परकराचा घेर किती ठेवावा? माझ्याकडे खणाचा वीतभर तुकडा आहे आणि मुलीला काठ खालच्याच बाजूला हवा आहे.