मदत हवी आहे: फुटबॉलपटू जमाल मुसियालासारखा देश बदलायचा नियम नक्की काय आहे?

नमस्कार मंडळी, माझी ताई म्युनिकला असते, भावोजी जर्मन, आणि भाचा तेरा वर्षांचा, फुटबॉलचं येड डोक्यात. बायर्न म्युनिक क्लबचा मुसियालाचा ४२ नंबरचा जुना टीशर्ट धुवायलासुद्धा देत नाही. काल व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मामा, मुसियालाने इंग्लंड सोडून जर्मनी घेतलं तसं मी मोठा झालो की इंडिया घेऊ शकतो का?" मी आपलं हो म्हणून टाकलं आणि आता अडकलोय 😅

मला माहितेय ते एवढंच की मुसियाला २००३ ला स्टुटगार्टला जन्मला, वडील ब्रिटिश-नायजेरियन, आई जर्मन, सात वर्षांचा असताना इंग्लंडला गेला, चेल्सी क्लबच्या अकॅडमीत वाढला, २०१९ ला बायर्नला आला. नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या अंडर २१ कडून खेळला आणि मार्च २०२१ मध्ये थेट जर्मनीच्या सिनियर टीमकडून! म्हणजे ज्युनियर मॅचेस खेळल्या तरी दार बंद होत नाही ना? का स्पर्धेतली मॅच असेल तर वेगळा हिशोब?

आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, भाच्याकडे जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). ओसीआयवर भारताकडून खेळता येत नाही एवढं नक्की. मग जर्मन पासपोर्ट सोडून भारतीय घ्यायचा तर भारतात किती वर्षं राहावं लागतं, अल्पवयीन मुलाला वेगळं काही आहे का? कुणी ह्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, रविवारी परत कॉल आहे आणि पोरगं विसरणाऱ्यातलं नाही.