मदत हवी आहे: अर्थ एकच, मग इफ आणि टर्नरीची असेंब्ली (कंपायलर बनवतो तो मशिनपातळीचा कोड) वेगळी का?

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतोय. पूर्णांकांच्या मोठ्या अ‍ॅरेमधल्या ऋण किमती शून्य करायच्या आहेत, बस्स. दोन तऱ्हांनी लिहिलं (कोड देवनागरीत आहे, सांभाळून घ्या):

पहिली: इफ (ए[आय] < ०) ए[आय] = ०;
दुसरी (टर्नरी, म्हणजे ? : वाली): ए[आय] = ए[आय] < ० ? ० : ए[आय];

कंपायलर जीसीसी, प्रोसेसर ६४ बिटी एक्स८६, ऑप्टिमायझेशनची पातळी ओ-३. उत्तर दोन्हींचं तेच. पण पहिलीत लूपमधला जंप (अट बघून कोडमध्ये पुढे उडी मारणारी सूचना) जसाच्या तसा राहतो, एका वेळी एकच आकडा. दुसरीत जंप गायब, चार-चार आकडे एकदम! आकडे आधी सॉर्ट करून दिले तर पहिलीही बरीच सुधारते, म्हणजे ब्रँच प्रेडिक्टर (उडी होणार की नाही याचा आधीच अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग) चुकतोय हे कळलं. पण पहिलीची दुसरी करायला कंपायलरला काय होतं? माझ्या लेखी टर्नरी म्हणजे इफचंच लघुरूप.

प्रतिसाद:
टर्नरीत जादू नाही, '=' कुठे आहे ते बघा. दुसरीत प्रत्येक घरात लिहिलं जातं, किंमत बदलो न बदलो. पहिलीत ऋण नसलेल्या घराला हातही लागत नाही. समजा अ‍ॅरे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत आहे आणि त्यात एकही ऋण आकडा नाही. पहिली सुखरूप चालेल, दुसरी सेगफॉल्ट देईल (मनाई असलेल्या मेमरीत लिहायला गेली म्हणून प्रोग्राम बंद पडेल). किंवा दुसरा थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) तेच घर वाचतोय: पहिलीत दोघंही नुसतं वाचतात, दुसरीत डेटा रेस, म्हणजे एक लिहितोय तेव्हाच दुसरा वाचतोय. २०११ च्या सी आणि सी++ मानकांत मेमरी मॉडेल (थ्रेड्सनी मेमरी कशी वाचायची-लिहायची याचे नियम) आलं, तेव्हापासून तुम्ही न लिहिलेला स्टोअर (मेमरीत लिहिणं) असा घुसडायची कंपायलरला मुभा नाही. एव्हीएक्स२ (एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या, नव्या प्रोसेसरवरच्या सूचना) चालू करून बघा. त्यात मास्क लावून निवडक घरांतच लिहिता येतं.

धागाकर्ता:
लावलं, पहिलीतलाही जंप गेला! पण आम्हाला जुन्या मशिनवरही चालवायचंय, त्यामुळे दुसरीच ठेवतो. जाता जाता: दुसऱ्या एका फंक्शनमध्ये && च्या जागी & लिहिलं तरी जंप जातो. हेही त्यातलंच का?

प्रतिसाद:
चुलत भाऊ म्हणा. && ची डावी बाजू खोटी ठरली तर उजवीला हात लावायचा नाही, ही भाषेचीच अट. उजवीकडे पॉइंटरमागची (पत्त्यावरून मेमरीतून वाचायची) किंमत असेल तर ती आधीच वाचून ठेवणं धोक्याचं, पॉइंटर नल (कुठेच न दाखवणारा) असला तर? & दोन्ही बाजू वाचतोच. म्हणून बदलण्याआधी उजवी बाजू कायम वाचण्याजोगी आहे ना, हे तपासा. उजवीकडे नुसता लोकल इंट (फंक्शनमधलाच साधा पूर्णांक, जो वाचण्यात धोका नाही) असूनही फरक पडत असेल, तर असेंब्ली इथे टाका.