डोळ्यांना डावं दिसतं, पण आठवणीतलं डावं गळतं: तपासायचं कसं?

ऋतुगंध
पेशंटच्या उजव्या मेंदूत इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून झालेली इजा). अक्षरं खोडायची चाचणी आणि रेघेचा मध्य काढणं, दोन्ही जवळजवळ नॉर्मल. पण 'तुमचा चौक डोळ्यांसमोर आणा' म्हटलं की डाव्या हाताची दुकानं येतच नाहीत. हे विस्मरण की कल्पनाचित्रातलं निग्लेक्ट, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे एका बाजूकडे लक्षच न जाणं? महाराष्ट्राच्या नकाशावरचे जिल्हे विचारले तर चालेल का? आणि प्रिझमचा (दृश्य बाजूला सरकवणाऱ्या चष्म्याचा) काही उपयोग?

टाचणी
एकाच बाजूने विचारलंत तर काही कळणार नाही. बिसियाक आणि लुझाटी या संशोधकांनी 1978 मध्ये मिलानच्या पेशंटना ओळखीचा पियाझा देल दुओमो, म्हणजे कॅथेड्रलसमोरचा चौक, आठवायला लावला: आधी कॅथेड्रलकडे तोंड करून, मग कॅथेड्रलच्या दारातून चौकाकडे बघत. पहिल्यांदा गळलेल्या इमारती दुसऱ्यांदा आल्या, कारण आता त्या उजवीकडे होत्या. मघाशी सांगितलेल्या मात्र गायब. म्हणजे माहिती शाबूत, चित्राची डावी बाजू तेवढी हाती लागत नाही.

कागदावर नॉर्मल असूनही हे असू शकतं. ग्वारिल्या आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये असा पेशंट नोंदवला, इजा मेंदूच्या उजव्या फ्रंटल (पुढच्या) भागात. एरवी दोन्ही एकत्रच जास्त दिसतं.

नातेवाइकांकडून चौकाच्या दोन्ही बाजूंच्या 8-8 ठळक खुणा आधी लिहून घ्या. पेशंटला एका टोकाला उभं राहिल्याची कल्पना करू द्या, 2 मिनिटं. 'डावीकडे काय?' असं मध्येच विचारू नका, तेवढ्या इशाऱ्यानेही उत्तर बदलतं. थोड्या वेळाने दुसऱ्या टोकावरून तेच. उजवे वजा डावे, भागिले एकूण: उजवे 6, डावे 2 तर 0.5. दोन्ही टोकांवरून आकडा धन आला तर निग्लेक्ट. त्याच त्या खुणा दोन्ही वेळा गळल्या तर स्मृती तपासा. 'चालत जा आणि सांगा' टाळा, त्यात पाठ झालेला रस्ता बाहेर येतो.

सह्याद्रीपार
नकाशा चालेल, पण इथेच फसगत होते. 'जिल्हे सांगा' म्हटलं की शाळेतली विभागवार यादी सुरू: कोकण, पुणे, नाशिक... त्यात चित्राची गरजच नाही, आणि निग्लेक्ट लपतं. फ्रान्सच्या नकाशावर संशोधक रोड (Rode) आणि सहकाऱ्यांना हेच दिसलं.

म्हणून आधी नुसती यादी घ्या. नंतर 'डोळे मिटा, भिंतीवरचा नकाशा आणा, दिसेल ते सांगा.' यादीत असलेले रत्नागिरी-सिंधुदुर्ग नकाशात गळले आणि चंद्रपूर-गडचिरोली आले, तर शंका पक्की. यादीतच कोकण नसेल तर भूगोल कच्चा असेल किंवा स्मृती, तो निग्लेक्टचा पुरावा नाही. डोळे मिटायला लावायचं कारण, उजवीकडच्या समोर दिसणाऱ्या वस्तूही लक्ष ओढतात.

ऋतुगंध
शाळा न शिकलेल्यांसाठी काय?

टाचणी
काट्यांचं घड्याळ कळत असेल तर तेच. दोन वेळा सांगा, कुठल्या वेळी काट्यांमधला कोन मोठा ते विचारा. उजव्या अर्ध्यासाठी 1:25 आणि 3:10, डाव्यासाठी 10:35 आणि 8:50. कोन आरशातले, 107.5 आणि 35 अंश, त्यामुळे अवघडपणा सारखा. अशा अनेक जोड्या सरमिसळ करून द्या. डाव्या जोड्यांतच चुका साचल्या तर उत्तर मिळालं.

प्रिझमवाला
प्रिझमचा चष्मा बनवताना '10' एवढंच सांगाल तर 10 डायॉप्टरचा (प्रिझमच्या ताकदीचं माप) मिळेल, म्हणजे जेमतेम 5.7 अंश. 10 अंशांसाठी साधारण 17.5 डायॉप्टर लागतो. दोन्ही डोळ्यांना प्रिझमचा पाया (जाड कड) डावीकडे, मग दृश्य उजवीकडे सरकतं.

मध्यरेषेच्या डाव्या-उजव्या 10 अंशांवरच्या खुणांकडे सुमारे 50 वेळा झटकन बोट दाखवायला लावा. हाताची सुरुवातीची वाट झाकलेली हवी. हात दिसत राहिला आणि पेशंट सावकाश नेत राहिला तर तो बघत बघत चूक सुधारतो, अ‍ॅडॅप्टेशन (सरकलेल्या दृश्याशी हाताने जुळवून घेणं) नीट होत नाही. खूण साधी: चष्मा काढून, डोळे मिटून नाकासमोर बोट दाखवायला सांगा, ते आधीपेक्षा डावीकडे जायला हवं. नाही गेलं तर सत्र वाया. रोड, रोसेटी, बोइसाँ यांनी 2001 मध्ये कल्पनेतल्या नकाशावर सुधारणा दाखवली, पण दोनच पेशंटमध्ये. घरच्यांना आशा दाखवताना तेवढं ध्यानात ठेवा.